सहा सिलिंडरच्या काकू

खोली बघायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा ओव्हन चालू होता. टेक्सासमधल्या प्लेनो गावातल्या मराठी घरात दुपारी ओव्हन चालू म्हणजे केक नाहीतर नानकटाई, अशी माझी समजूत. दार काकांनी उघडलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आत्ता बोलू नका त्यांच्याशी. एक मिनिट."

काकू ओव्हनसमोर उभ्या होत्या. अंगात हॉस्पिटलातले जुने हिरवे कपडे, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, कपाळाला टिकली. जाड हातमोजे घालून त्यांनी ट्रे बाहेर काढला. ट्रेवर ताटलीएवढं एक दातेरी चाक होतं. ते घेऊन त्या जवळजवळ पळतच गॅरेजमध्ये गेल्या, आणि काय करावं न कळून मीही पर्स सावरत मागोमाग गेले. एका जाडजूड लोखंडी दांड्याच्या टोकावर त्यांनी ते चाक धरलं. ते अलगद सरकलं आणि जागेवर बसलं.

"गरम केलं की फुगतं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "गार झालं की घट्ट धरून ठेवतं. हातोडी मारावी लागत नाही." मग हातमोजे काढत त्यांनी विचारलं, "तू व्हेजिटेरियन आहेस की कसं?"

खोली गॅरेजच्या वर होती. काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आवाज होईल थोडा." मी म्हटलं चालेल. पहिल्याच शनिवारी सकाळी मी पलंगासकट हादरले, कपाटातल्या बरण्या एकमेकींवर वाजल्या, आणि खाली गेले तर दोघं गॅरेजच्या दारात चहा पीत त्या आवाजाकडे कान लावून उभे.

काकू भूलतज्ज्ञ होत्या. मिरजेला शिकल्या, तरुणपणी अमेरिकेत आल्या आणि निवृत्त होईपर्यंत हजारो माणसांना झोपवून परत उठवलं. काका पूल बांधणारे इंजिनिअर. ते हायवेवर इतकी सावकाश गाडी चालवत की मागचे लोक हॉर्न वाजवून दमत. आणि काकू, सत्तरी ओलांडल्यावर, स्वतःच्या हातांनी बांधलेली गाडी ड्रॅग रेसमध्ये पळवत.

ड्रॅग रेसला वळणं नसतात. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो, आणि सरळ पट्ट्यावरून जी आधी टोकाला पोचेल ती जिंकते. सगळा खेळ काही सेकंदांचा. काकूंची गाडी जुन्या घाटाची होती, पूर्वी इथली पोरं घरामागे भंगारातून बनवायची तशी. लांबलचक नळ्यांचा सांगाडा, पुढे सायकलसारखी बारीक चाकं, मागे रोलरसारखी जाड, मध्ये उघडं इंजिन. चालवणारा मागच्या चाकांच्याही मागे, इंजिनाकडे तोंड करून बसतो. "गोफणीतल्या दगडासारखं बसायचं," काकू सांगायच्या.

शर्यतीतले बहुतेक लोक आठ सिलिंडरचं इंजिन लावतात. त्यात सिलिंडरच्या दोन रांगा तिरक्या असतात. ते आखूड असतं, ताकद भरपूर, आणि सुटे भाग कुठेही मिळतात. काकूंच्या गाडीत एका जुन्या ट्रकमधून काढलेलं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. सहाही सिलिंडर एका सरळ रांगेत. त्याचे भाग मिळत नसत, म्हणून अर्धे त्यांनी स्वतः बनवले होते.

हेच इंजिन का, असं त्यांना विचारणं धोक्याचं होतं. एकदा महाराष्ट्र मंडळानं त्यांना ‘निवृत्तीनंतरचं आयुष्य’ या विषयावर बोलायला बोलावलं. लोकांना वाटलं योगासनं, वाचन, नातवंडं. काकू माइकसमोर गेल्या आणि म्हणाल्या, "सहा जण पुढे या." कुणी उठेना, तेव्हा त्यांनी नावं घेऊन बोलावलं. एक हृदयरोगतज्ज्ञ, एका मोठ्या कंपनीतले व्हाइस प्रेसिडेंट, पैठणी नेसलेल्या मंडळाच्या सेक्रेटरी, अजून तिघं. सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. "तुम्ही इंजिनातले सहा दट्टे. पहिला आणि सहावा बरोबर बसा-उठा. दुसरा आणि पाचवा बरोबर. तिसरा आणि चौथा बरोबर. जोड्यांनी पाठोपाठ सुरू करायचं. चला."

सुरुवातीला हसाहस झाली. मग हळूहळू लय लागली. एक जोडी वर, एक मध्ये, एक खाली. "आता बघा," काकू म्हणाल्या, "एक वर ओढतो तेव्हा दुसरा कुणीतरी खाली ओढतो. या इंजिनाला तोल सांभाळायला बाहेरून काही लावावं लागत नाही. सहा जण आपसात सांभाळून घेतात." आणि त्या खाली येऊन बसल्या. भाषण संपलं होतं. स्टेजवरच्या सहा जणांना थांबा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते बराच वेळ उठाबशा काढत राहिले. सेक्रेटरीबाईंनी पुढच्या वर्षी काकूंना बोलावलं नाही, पण घरी येऊन इंजिन मात्र बघून गेल्या.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी एकदा, पोळ्या लाटता लाटता, सांगितलं. नव्या नव्या आल्या होत्या, लग्न व्हायचं होतं, बर्फाच्या गावातल्या हॉस्पिटलात होत्या आणि कुणी बोलायला नव्हतं. ऑपरेशन थिएटरमधल्या लोकांबरोबर एका रविवारी ड्रॅग रेस बघायला गेल्या. "इतका आवाज की मला परत जावंसं वाटलं. मग त्यात एक गाडी अशीच सरळ सहाची आली. बाकीच्या खोकत होत्या, ही एका सुरात ओरडली. मी उभीच राहिले." पोळी उलटून त्या म्हणाल्या, "तेव्हाच ठरवलं. पण आधी नोकरी, मग मुलं. घाई नव्हती." निवृत्तीच्या पार्टीत सहकाऱ्यांनी त्यांना क्रूझची माहितीपत्रकं दिली. त्या आठवड्यात त्यांनी कम्युनिटी कॉलेजात वेल्डिंगच्या आणि लेथच्या वर्गांना नाव नोंदवलं.

तिथे शिकवायला एक उंच, वाळके टेक्सन गृहस्थ होते. त्यांचीही सरळ सहाची गाडी होती. काकू त्यांना मास्तर म्हणत. ते काकूंना डॉक म्हणत. ‘मास्तर’ हा शब्द त्यांना इतका आवडला की स्वतःच्या टूलबॉक्सवर त्यांनी तो इंग्रजीत रंगवून घेतला.

काकू इंजिनाकडे पेशंटकडे बघावं तशा बघत. सुरू असताना हात लावून, स्टेथोस्कोप लावून, नुसतंच उभं राहून. मी विचारलं, काय ऐकता? "भूल दिलेलं माणूस सांगत नाही कुठे दुखतंय ते," त्या म्हणाल्या. "आपण तिथून हलायचं नाही, एवढंच." दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असे, "बरं वाटतंय आणि बरं आहे यात फरक आहे." ऑफिसात माझ्या प्रोजेक्टचं काय चाललंय असं त्या विचारत आणि मी "बरं चाललंय" म्हटलं की हेच ऐकवत. मी सॉफ्टवेअर तपासणारी टेस्टर असल्यामुळे मला ते लागू पडायचं.

मी तिथे राहायला लागल्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात टेक्सासमध्ये कधी नव्हे असा गारठा पडला. वीज गेली, नळ फुटले, आमच्या गल्लीतले लोक गाडीत हीटर लावून बसले. काकू तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी अ‍ॅशबर्नला होत्या. त्यांनी फोन करून काकांना पहिली गोष्ट सांगितली ती इंजिनातलं पाणी काढायची. काकांनी टॉर्च धरून, झडप उघडून, बादली लावून पाणी काढलं. मी तिथेच होते. थेंब थांबेपर्यंत ते वाट बघत राहिले.

पण आत कुठेतरी गंज साचला होता आणि त्याच्यामागे थोडं पाणी अडकून राहिलं. त्याचा बर्फ झाला. काकू परत आल्या, बॅग हॉलमध्ये ठेवली, गॅरेजमध्ये गेल्या, आणि खूप वेळ काहीच आवाज आला नाही. आम्ही गेलो तेव्हा त्या गुडघ्यांवर बसल्या होत्या. इंजिनाच्या मुख्य बिडाच्या ठोकळ्यावर वीतभर चीर गेली होती, केसासारखी बारीक.

काका स्टुलावर बसले. "मी काढलं होतं गं पाणी," ते म्हणाले.

"तुम्ही काढलंत," काकू म्हणाल्या. "त्यानं सोडलं नाही." आणि उठून त्यांनी आधी काकांना चहा करून दिला.

मास्तर येऊन बघून गेले. चिरेवर नख फिरवलं, टोपी काढली आणि म्हणाले, "डॉक, हा ब्लॉक गेला. बीड नीट वेल्ड होत नाही, गरम केलं की अजून तडकतं. आपण दुसरा शोधू. नाहीतर सरळ आठवालं बसवा."

"गेला असं इतक्या लवकर म्हणायची मला सवय नाही," काकू म्हणाल्या.

बीड शिवता येतं हे मला त्या वसंतात कळलं. चिरेच्या टोकाला एक बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग चिरेवर दुसरं भोक, त्याला आतून आटे पाडायचे, बिडाचाच एक छोटा स्क्रू त्यात घट्ट पिळून बसवायचा आणि वरचं डोकं तोडून टाकायचं. पुढचं भोक असं पाडायचं की ते आधीच्या स्क्रूचा थोडा भाग खाईल, म्हणजे दोघं एकमेकांना धरून बसतात. असं करत चिरेच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. घाईनं ड्रिल दाबलं की बीड तापतं आणि चीर वाढते.

काकू सकाळी अंघोळ करून, देवाला फूल वाहून गॅरेजमध्ये येत आणि जमतील तेवढेच टाके घालत. हात थकला असं वाटायच्या आधीच थांबत. काही दिवस एकच टाका होई. मी ऑफिसला निघताना बघायची: मान वाकलेली, चष्म्यावर दिवा, ड्रिल फिरवणारी बोटं इतकी स्थिर की भोवती हवाही हलत नाही असं वाटे. मी कॉफीचा मग हातात धरून तिथेच उभी राहायची आणि मीटिंगला उशीर व्हायचा. एखादं माणूस एखाद्या वस्तूला इतका वेळ देतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

शेवटचा टाका घालून, कानशीनं घासून त्यांनी ब्लॉकमध्ये दाबानं पाणी भरलं. आम्ही तिघं बघत राहिलो. बऱ्याच वेळानं मधल्या एका टाक्याशी पाण्याचा एक थेंब फुगला. काका म्हणाले, "एवढासाच आहे." काकूंनी पाणी सोडून दिलं, तो टाका आणि त्याच्या दोन्ही बाजूचे टाके काढले, आणि पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या वेळेला ब्लॉक रात्रभर कोरडा राहिला.

आता प्रश्न उरला होता मुलाचा. तो सांता क्लाराला होता, शिकलेला मेकॅनिकल, काम सॉफ्टवेअरचं. आईची गाडी त्याला कधीच आवडली नव्हती. पण टाके घातलेलं इंजिन लावून ती शरद ऋतूतल्या मेळाव्याला पळवणार हे कळल्यावर तो रोज फोन करू लागला. दर वर्षी फक्त सरळ इंजिनवाल्यांचा दोन दिवसांचा मेळावा भरतो, प्लेनोपासून दूर, कुरणांच्या मधोमध असलेल्या एका पट्ट्यावर. फोन स्पीकरवर असे. "आई, इट्स नॉट फनी एनीमोअर. तू इंजिनाच्या मागे बसतेस. ते फुटलं तर उकळतं पाणी सरळ तुझ्या अंगावर. टायरखाली गेलं तर गाडी घसरून उलटी. हे तुला मी सांगायला हवंय का?"

"नको," काकू म्हणायच्या. "जेवलास का?"

मेळाव्याच्या पहिल्या दिवशी तो विमानानं आला. भाड्याच्या गाडीतून थेट पट्ट्यावर. मी काकू-काकांबरोबर होते. काका नेहमीसारखे छत्रीखाली, पट्ट्याकडे पाठ करून फोल्डिंग खुर्चीत बसले होते. काकू पळत असताना ते कधीच बघत नसत, फक्त ऐकत. दुपारपर्यंत काकूंनी एक सावकाश फेरी मारली होती आणि पुढची पूर्ण वेगाची होती, शेजारच्या पट्ट्यावर मास्तर.

मुलगा ट्रेलरपाशी येऊन उभा राहिला. "आई, मी तुला घरी न्यायला आलोय."

काकू अग्निरोधक सूट घालत होत्या. "बोल," त्या म्हणाल्या.

तो बोलला. फोनवर बोलला होता ते सगळं, आणि अजून बरंच. की बाबांचं काय. की अ‍ॅशबर्नला नातू आहे. की तिला काय सिद्ध करायचंय. त्याचा आवाज चढत गेला आणि मग एकदम बसला. आजूबाजूचे लोक पाने-पकडी आवरल्यासारखं करून दुसरीकडे बघू लागले. मलाही तिथून जावंसं वाटत होतं, पण मी थांबले, कारण तो म्हणत होता त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

"झालं?" काकूंनी विचारलं. "तू चूक नाहीयेस. फुटू शकतं. नवं इंजिनही फुटतं. मला काही सिद्ध करायचं नाही रे. मला ते आवडतं, आणि मी ते नीट केलंय. टाके बघायचेत तुला?"

तो खाली बसला. ब्लॉकवरून त्यानं बोट फिरवलं, एकदा, मग उलट दिशेनं. "कुठे आहेत?"

"तिथेच आहेत."

त्यानं पुन्हा बोट फिरवलं. त्याच्या शिक्षणातला इंजिनिअर जागा झालेला मला दिसत होता.

काकूंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून काकांकडे दिलं. धातू तापतो म्हणून प्रत्येक फेरीआधी त्या ते काढत. काकांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वर हात ठेवला. मग हेल्मेट चढवून काकू त्या अरुंद जागेत शिरून बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, "खांद्यावरचे बेल्ट मला एकटीला ओढता येत नाहीत. बाबांच्या हातात आता तेवढा जोर नाही. तू ओढ."

तो तसाच उभा राहिला. पुढच्या गाड्या सरकत होत्या, पट्ट्यावरचा माणूस हात करत होता. मला वाटलं हा आता पाठ फिरवणार.

त्यानं वाकून बेल्ट धरले आणि ओढले.

"अजून," काकू आतून म्हणाल्या. त्यानं पाय रोवून ओढले. "हं. आता ठीक."

इंजिन सुरू झालं. मी शनिवारी शनिवारी ते ऐकलं होतं, पण गॅरेजमधला आवाज वेगळा आणि मोकळ्या आभाळाखालचा वेगळा. त्यांनी मागचे टायर जागच्या जागी फिरवून तापवले, धूर झाला, धुरातून गाडी मागे आली, आणि दिव्यांच्या खांबापाशी मास्तरांच्या गाडीशेजारी थांबली. पिवळे दिवे एकेक करून खाली उतरत आले. हिरवा लागला.

ते मला नीट सांगता येणार नाही. माझ्या छातीतून काहीतरी ओढून नेल्यासारखं झालं. पुढची बारीक चाकं जमिनीवरून उचलली गेली, गाडी क्षणभर आभाळाकडे बघत धावली, आणि तो सहांचा एकच सूर चढत, चढत, अजून चढत गेला. भाकरी थापणारी, नातवाचे लंगोट शिवणारी, मंडळात सहा जणांना उठाबशा काढायला लावणारी ती बाई त्या सुराच्या मागे बसली होती, आणि मी तोंड उघडं ठेवून बघत होते. गाड्या लहान होत गेल्या. सूर तुटला. मग पट्ट्याच्या पार टोकाला एक पांढरा ढग उठला.

कुणीतरी म्हणालं, "स्टीम?"

मुलगा पळत सुटला. मी काकांना काकूंच्या पिकअप ट्रकमध्ये बसवलं आणि निघाले, वाटेत त्याला उचललं. काकांचा हात खिशावरच होता. जवळ गेलो तसा ढग पिवळसर दिसू लागला. वेग कमी करायला गाडीमागे लावलेलं पॅराशूट उघडलं होतं आणि वाऱ्यानं ते बाजूच्या मोकळ्या जमिनीत ओढलं गेलं होतं. वाफ नव्हती, धूळ होती.

काकू गाडीतून उतरल्या होत्या. हेल्मेट गवतात पडलं होतं आणि त्या इंजिनाशेजारी गुडघ्यांवर बसून, जाड हातमोज्याचं एक बोट ब्लॉकवरून फिरवत होत्या. मास्तर आपली गाडी सोडून तिकडेच चालत आले. ते दोन पावलांवर थांबले, पुढे आले नाहीत.

"डॉक?"

"ड्राय," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी टोपी काढली. ते गुडघे दुमडून खाली बसले आणि टाके घातलेल्या जागेकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले की शर्यत मी जिंकलीय, अगदी थोडक्यात, पण हे सांगायला आता कसंतरीच वाटतंय. काकू म्हणाल्या की वाटायचं काही कारण नाही, तुमची गाडी हलकी आहे, हिवाळ्यात मी माझीही हलकी करते.

मुलगा गवतात बसला होता. धावल्यामुळे त्याला अजून धाप लागत होती. काकांनी मंगळसूत्र काढून काकूंच्या गळ्यात घातलं, आणि त्या मुलाकडे वळल्या.

"तुझी फ्लाइट किती वाजता आहे?"

"कॅन्सल केली," तो म्हणाला.

"कधी?"

"आत्ता. पिकअपमध्ये." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "उद्या परत आहे ना तुझी रेस?"

काकूंनी पिकअपच्या सीटखालून दोरी काढून त्याच्या हातात दिली.

"मग ही पिकअपला बांध, गाडी परत न्यायचीय," त्या म्हणाल्या. "आणि हळू चालव."